दिवा विझवायचा की बिघाड शोधायचा?

गाडीची चावी फिरवली की समोरच्या पट्टीवर दिव्यांची एक ओळ उजळते. तेलाचा दिवा, बॅटरीचा, ब्रेकचा, इंजिनाचा. काही सेकंदांत एकेक दिवा मालवतो आणि गाडी रस्त्याला लागते. त्यांतच एक छोटे चित्र असते, बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर एक गोल. तो एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो पेटला पाहिजे आणि थोड्याच सेकंदांत विझलाही पाहिजे. दोन्ही गोष्टी झाल्या तरच समजायचे की यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आणि तिला खोट सापडली नाही. दिवा पेटून तसाच राहिला तर काळजीचे कारण आहे. तो मुळीच पेटला नाही तर अधिकच काळजीचे.

आमच्या गाडीत हा दिवा गेल्या पावसाळ्यानंतर पेटून राहू लागला. आम्ही दोघेही शिक्षक, चिपळूण तालुक्यातल्या शाळांमध्ये शिकवतो. तीन वर्षांपूर्वी पैसे साठवून जुनी गाडी घेतली. चालायला ती झकास होती. इंजिनाचा आवाज नाही, ब्रेक नीट, एसी थंडगार. दिवा तेवढा लाल. आणि या बिघाडाची खरी अडचण हीच आहे की त्याने गाडी थांबत नाही. ब्रेक कमी लागत असेल तर पहिल्याच उतारावर कळते. एअरबॅग बिघडली असेल तर ते कळण्याची वेळ एकदाच येते, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

आम्हाला घाई होती ती आमच्या धाकटीमुळे. ती अम्मींचे शेंडेफळ, दिली कराडला. सातवा महिना लागला होता आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे म्हणून तिला आणायचा दिवस अम्मींनी ठरवूनही टाकला होता. चिपळूणहून कराड म्हणजे कुंभार्ली घाट आला. धाकटीला घाटात गाडी लागते, म्हणून ती नेहमी पुढच्या सीटवर बसते. म्हणजे त्या लाल दिव्यासमोरच.

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी स्कॅनर जोडला, कोड पाहिला, पुसला आणि दिवा विझला. आम्ही समाधानाने घरी आलो. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी निदान केले, "एअरबॅगचा कंप्युटर गेलाय. नवीन टाकावा लागेल." किंमत ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. महिन्याच्या घरखर्चाचा मेळ बसणार नव्हता. कंप्युटर गेला हे कशावरून, असे विचारले, तर म्हणाले, "कोड पुसला तरी परत येतोय ना!"

दुसऱ्या गॅरेजमधले तरुण मिस्त्री फार मोकळ्या मनाचे निघाले. "सर, कशाला एवढा खर्च करता? एक रेझिस्टन्स टाकतो. दहा मिनिटांत दिवा जातो. पुष्कळ लोक हेच करतात." आमची मुलगी सोबत होती. तिने नववीत ओहमचा नियम शिकलेला. तिने विचारले, "रेझिस्टन्स टाकल्यावर एअरबॅग चालू होते का?" मिस्त्री हसले. "एअरबॅग कशाला चालू होतेय? दिवा बंद होतो."

हा रेझिस्टन्सचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक एअरबॅगच्या पोटात एक ठिणगी पाडणारा भाग असतो. त्यातून जोराचा प्रवाह गेला की तो पेटतो, त्याच्याजवळचे रसायन जळून वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. हे सगळे सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात घडते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. या ठिणगीच्या भागाचा रोध अगदी कमी, साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. गाडी चालू असेपर्यंत कंप्युटर प्रत्येक पिशवीच्या तारेतून अगदी बारीक, ठिणगी पडणार नाही इतका प्रवाह सोडून हा रोध मोजत राहतो. रोध ठरल्याइतका असेल तर पिशवी जोडलेली आहे. तो फार वाढला तर तार तुटली आहे किंवा जोड सैल आहे. फार कमी झाला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. कंप्युटर पिशवी उघडून पाहू शकत नाही. त्याला कळतो तो फक्त हा आकडा. आता पिशवीची तार काढून तिथे दोन ओहमचा रेझिस्टन्स लावला, तर कंप्युटरला आकडा बरोबर मिळतो आणि तो दिवा विझवतो.

मुलीने परतीच्या वाटेवर एका वाक्यात सांगितले, "म्हणजे वर्गात नसलेल्या मुलीच्या नावाला दुसरीने 'हजर' म्हणायचं, तसंच ना?" आम्ही वीस वर्षे हजेरीपट घेतो आहोत. इतकी नेमकी उपमा आम्हाला सुचली नसती. हजेरीच्या खोट्या उत्तराने फार तर एका दिवसाची नोंद चुकते. इथे मात्र टक्कर झाल्यावर कंप्युटर ज्या पिशवीला हाक मारणार, तिच्या जागी रेझिस्टन्स 'हजर' म्हणणार होता.

तिसरे गृहस्थ आम्हाला शाळेच्या शिपायाने सुचवले. वयाने साठीच्या पुढचे, सुरुवात रेडिओ दुरुस्तीपासून केलेली, आता गाड्यांचे वायरिंग पाहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी स्कॅनरला हातही न लावता आधी प्रश्न विचारले. दिवा पहिल्यांदा कधी पेटला? सारखा पेटलेला असतो की येऊन जाऊन? सरळ रस्त्यावर पेटतो की वळणावर? सीट कधी काढल्या होत्या का? आणि चिपळूणमध्ये जुन्या गाडीबाबत प्रत्येक जाणता मिस्त्री विचारतो तो प्रश्न, "२०२१च्या जुलैच्या पुरात ही गाडी कुठं होती?"

त्या पुरात वाशिष्ठीचे पाणी शहरभर शिरले होते आणि कितीतरी गाड्या त्यात बुडाल्या होत्या. एअरबॅगचा कंप्युटर बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मध्ये, खाली जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी शिरले की त्याला लवकर गाठते. चाचांनी पायाखालचा गालिचा उचलला, कोपऱ्यांत बोट फिरवले, पट्ट्याचा गुंडाळा पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का ते पाहिले. सगळे कोरडे आणि स्वच्छ होते. "बुडालेली नाही," ते म्हणाले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो आम्हाला अगदीच भलत्या विषयावरचा वाटला. "हॉर्न नीट वाजतो का?"

आम्ही म्हणालो, वाजतो, पण पूर्ण वळण घेताना कधीकधी गप्प बसतो. चाचांनी मान डोलावली. त्या होकारात अर्धे निदान होते, हे आम्हाला नंतर कळले.

मग त्यांनी स्कॅनर जोडला. कोड पुसला नाही, वहीत लिहून घेतला. ही यंत्रे सारखी नसतात, हे त्यांनीच सांगितले. बाजारात मिळणारी स्वस्त यंत्रे बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एअरबॅगचे कोड वाचायला त्या गाडीची ती यंत्रणा ओळखणारा स्कॅनर लागतो. कोडचा अर्थ होता, चालकाच्या एअरबॅगच्या मार्गात रोध मर्यादेपेक्षा जास्त. "मास्तर, कोड रस्ता सांगतो, घर सांगत नाही," चाचा म्हणाले. "या रस्त्यावर कंप्युटर आहे, तारा आहेत, जोड आहेत, स्टिअरिंगमधली पट्टी आहे आणि शेवटी पिशवी आहे. यांतलं कोण बिघडलंय ते आपण शोधायचं."

शोधण्याची त्यांची रीत आम्ही जवळ बसून पाहिली. आधी चावी बंद केली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि चहा मागवला. मुलीला वाटले चाचा दमले. ते म्हणाले, "बेटा, बॅटरी काढली तरी कंप्युटरच्या पोटात थोडी वीज साठवलेली असते. टक्कर होताना बॅटरीची तार तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून ती सोय असते. ती वीज उतरेपर्यंत हात लावायचा नाही." किती वेळ थांबायचे ते प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेले असते. चाचा त्याहून थोडे जास्तच थांबतात.

चहा झाल्यावर त्यांनी स्टिअरिंगच्या मधला भाग, म्हणजे पिशवीचा डबा, काढला आणि दूरच्या बाकावर उशीची बाजू वर करून ठेवला. पालथा ठेवला आणि चुकून उडाला तर अख्खा डबा छपराला जाईल, म्हणून. त्याचा जोड पिवळ्या रंगाचा होता. एअरबॅगच्या तारा आणि जोड बहुतेक गाड्यांत पिवळे ठेवतात, पिवळे दिसले की माणसाने सावध व्हावे म्हणून. त्यांच्या हातातला मीटर मात्र त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पिशवीला साधा मीटर कधीही लावायचा नाही, कारण रोध मोजताना मीटर स्वतःही थोडा प्रवाह सोडतो आणि तेवढ्याने ठिणगी पडण्याचा धोका असतो.

मग त्यांनी खिशातून काढला तो एक छोटा रेझिस्टन्स, दोन ओहमचा! आम्ही चमकलो. तीच वस्तू, जी दुसऱ्या गॅरेजमध्ये आम्हाला कायमची बसवून मिळणार होती. चाचांनी ती पिशवीच्या जागी, वरच्या जोडाला लावली, बॅटरी जोडली, स्कॅनर पाहिला. तोच कोड, तोच दोष. याचा अर्थ मुलीने सांगितला. पिशवी काढून तिच्या जागी चांगला रोध लावला तरी तक्रार कायम आहे, म्हणजे दोष पिशवीत नाही. पुन्हा बॅटरी सोडवली, पुन्हा वाट पाहिली. आता तोच रेझिस्टन्स त्यांनी खाली, स्टिअरिंगच्या दांड्यालगतच्या जोडाला लावला. या वेळी स्कॅनरवर चालू दोष नाही. म्हणजे कंप्युटरपासून या जोडापर्यंत सगळे ठीक. दोष या दोन जोडांच्या मध्ये.

मध्ये असते ती क्लॉक स्प्रिंग, हिला स्पायरल केबलही म्हणतात. स्टिअरिंग गोल फिरते, पण तारा फिरवत राहिले तर पीळ पडून तुटतील. म्हणून एका चपट्या गोल डबीत तारांची लांब पातळ पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवतात. चाक एका बाजूला फिरवले की पट्टी सैल होते, दुसऱ्या बाजूला फिरवले की आवळते. पिशवीची तार याच पट्टीतून जाते आणि हॉर्नचीही. म्हणून हॉर्नचा प्रश्न.

ती डबी काढून चाचांनी आता मीटर बाहेर काढला, कारण डबीत ठिणगीचा भाग नाही. मुलीच्या हातात तो देऊन ते डबी सावकाश फिरवू लागले. एका ठिकाणी आला की आकडा नाहीसा व्हायचा, पुढे सरकले की परत यायचा. पट्टीतली तार तिथे तुटली होती. टोके कधी भिडत, कधी सुटत. पहिल्या गॅरेजमध्ये कोड पुसल्यावर दोन दिवस दिवा का शांत राहिला, तेही यात उलगडले. स्टिअरिंगच्या नटावर पान्याच्या जुन्या खुणा होत्या. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी चाक काढले असावे आणि बसवताना ही डबी मध्यावर न आणता तशीच लावली असावी, असा चाचांचा अंदाज. मग एका बाजूच्या पूर्ण वळणाला पट्टी ताणली जाते आणि कधीतरी तुटते.

नवा भाग मागवून चार दिवसांनी आला. चाचांनी भंगारातून आणलेला लावायला साफ नकार दिला. पुढची चाके सरळ ठेवून, डबी मध्यावर आणून बसवली, कोड पुसला, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवले. दिवा पेटला, काही सेकंदांनी विझला, आणि विझलेलाच राहिला. हॉर्नही सगळीकडे वाजला. कंप्युटरला हात लावावा लागला नाही. मजुरी विचारली तर म्हणाले, "पार्टचे पैसे पार्टवाल्याचे. माझे फक्त शोधायचे." ते पैसे आम्ही आनंदाने दिले.

आम्हा शिक्षकांना यात आमचेच काम दिसले. उत्तर चुकले म्हणून लाल फुली मारायला वेळ लागत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते शोधायला मुलाच्या वहीत डोके घालावे लागते. पहिल्या मिस्त्रींनी फुली पुसली. दुसरे फुलीच्या जागी बरोबरची खूण करून देणार होते. चाचांनी पायरी शोधली. रेझिस्टन्स दोघांकडे तोच होता. एकाला त्याने कंप्युटरला फसवायचे होते, दुसऱ्याने त्यालाच प्रश्न विचारायला लावले.

मात्र दिवा विझला म्हणजे आता कसलीच काळजी नाही, असेही नाही. दिव्याला फक्त वीज कळते. रसायन खराब झालेले त्याला कळत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेने ते बिघडून, पिशवी उघडताना धातूचा डबाच फुटण्याचे प्रकार झाले, माणसे दगावली. जगभरातल्या अनेक कंपन्यांना कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. त्या गाड्यांत दिवा व्यवस्थित विझत असे. म्हणून जुनी गाडी घेतली की चॅसिस नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करावी, या गाडीला परत बोलावणे आहे का. कोकणातली हवा दमट आहे, हे आपण विसरू नये.

आणि पट्टा. गाडीत एअरबॅगच्या जागी 'एसआरएस' असे लिहिलेले असते. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच 'पूरक' असा आहे. एअरबॅग पट्ट्याला पूरक आहे, पट्ट्याऐवजी नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. भारी गाडी, भरपूर एअरबॅगा. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही वाचले नाहीत, पुढचे दोघे वाचले.

धाकटीला आम्ही ठरल्या दिवशी आणले. सीट जमेल तितकी मागे सरकवली. पट्ट्याचा खालचा पदर पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरून घेतला, वरचा पदर छातीच्या मधून पोटाच्या कडेने. गर्भवतीने पट्टा टाळायचा नसतो, असा लावायचा असतो. आणि बाळ झाल्यावर त्याची मागे तोंड केलेली सीट एअरबॅगसमोर, पुढे कधीही ठेवायची नाही, हे तिच्या नवऱ्याला आम्ही तेव्हाच सांगून ठेवले. लहान मुलांची जागा मागेच.

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही. त्या गाड्या आता एकेक करून जुन्या बाजारात येत आहेत, आणि आपल्यासारखी कुटुंबे त्या घेत आहेत. घेताना रंग पाहतो, टायर पाहतो, किलोमीटर पाहतो. त्याबरोबर इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून पाहावे. एअरबॅगचा दिवा पेटला का? थोड्या सेकंदांत विझला का? पेटलाच नाही, तर बल्ब काढला आहे का ते विचारावे. हॉर्न चाक फिरवत वाजवून पाहावा. शंका असेल तर जाणत्या वायरिंगवाल्याकडून एअरबॅगचे कोड वाचून घ्यावेत आणि वाचण्याआधी कुणाला ते पुसू देऊ नयेत. रेझिस्टन्स लावलेली गाडी मात्र या साध्या परीक्षेत पास होते. तिथे विकणाऱ्याचा शब्द आणि जाणत्याची नजर, एवढाच आधार उरतो.

म्हणूनच दहा मिनिटांच्या त्या कामाला नकार द्यावा, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याला त्याची माहिती तरी असते. पण गाडी उद्या विकली जाईल. विकत घेणारा चावी फिरवेल, दिवा पेटून विझताना पाहील, त्यावर विश्वास ठेवेल आणि त्याच्या घरच्या माणसांना पुढे बसवेल. त्या दिव्यावरचा त्याचा विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती शाबूत राहील अशीच गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.